अपाचे स्ट्रट्समधील कोड इंजेक्शन दोष (२०१७)

अपाचे स्ट्रट्समधील कोड इंजेक्शन दोष हा ‘अपाचे स्ट्रट्स २’ या मुक्त स्रोत फ्रेमवर्कमध्ये मार्च २०१७ मध्ये जाहीर झालेला अतिगंभीर सुरक्षा-दोष होय. सार्वत्रिक नोंदीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१७-५६३८ असा असून स्ट्रट्स प्रकल्पाच्या सूचनापत्रात तो एस२-०४५ या नावाने नोंदलेला आहे. या दोषामुळे दूरच्या संगणकावरून, कोणत्याही पासवर्डवाचून, केवळ एक विनंती पाठवून सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालविता येत असत. दोष दूर करणारी आवृत्ती त्याच वेळी उपलब्ध झाली होती. तथापि इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती संस्थेच्या एका संकेतस्थळावर ती वेळेत बसविली गेली नाही आणि सुमारे १४ कोटी ७० लाख व्यक्तींची खाजगी माहिती चोरीस गेली.

कोड इंजेक्शनची संकल्पना

संगणकाच्या स्मृतीत माहिती आणि आज्ञा या दोन्ही सारख्याच स्वरूपात साठविलेल्या असतात. कोणता मजकूर केवळ वाचावयाचा आणि कोणता अमलात आणावयाचा, हे आज्ञावलीने ठरवावयाचे असते. बाहेरून आलेला मजकूर आज्ञा समजून अमलात आणला गेल्यास त्यास कोड इंजेक्शन म्हणतात. शाळेत वर्गोवर्गी फिरणाऱ्या सूचनावहीत एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःची एक ओळ घुसवावी आणि ती मुख्याध्यापकांची सूचना समजून सर्व वर्गांनी पाळावी, तसा हा प्रकार आहे.

वेब एपीआय म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसरीकडे आंतरजालावरून विनंती करण्याचा ठरलेला मार्ग. हा मार्ग बहुधा सर्वांना खुला असल्याने त्यावरून येणारा प्रत्येक मजकूर अविश्वसनीय मानणे आवश्यक असते. यात विनंतीच्या मुख्य मजकुराबरोबरच तिच्यासोबत येणारी हेडरेही मोडतात.

दोषाचे स्वरूप

अपाचे स्ट्रट्स हे जावा भाषेत वेब-आज्ञावली रचण्यासाठी वापरले जाणारे फ्रेमवर्क असून त्याची देखभाल अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली होते. विनंतीतील मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, हे ‘कन्टेन्ट-टाइप’ या हेडरमध्ये सांगितलेले असते. फाइल चढविण्याच्या विनंत्या वाचण्याचे काम स्ट्रट्समध्ये ‘जकार्ता मल्टिपार्ट पार्सर’ हा पूर्वनिर्धारित घटक करीत असे.

हेडरमधील मजकूर अवैध आढळल्यास हा घटक त्रुटी-संदेश तयार करी आणि तो अवैध मजकूर जसाच्या तसा त्या संदेशात समाविष्ट होई. पुढे हा संदेश वापरकर्त्याच्या भाषेत मांडण्यासाठी दुसऱ्या एका उपकार्याकडे जाई. टक्केचिन्हामागून येणाऱ्या महिरपी कंसातील मजकूर हा ‘ओजीएनएल’ भाषेतील सूत्र आहे, असे मानून ते उपकार्य त्याचे मूल्यमापन करी. ओजीएनएल ही जावामधील वस्तूंचे गुणधर्म वाचण्या-बदलण्यासाठी वापरली जाणारी छोटी भाषा आहे. परंतु तिच्यातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञांपर्यंतही पोहोचता येत असे. अशा रीतीने, ‘तुमची विनंती चुकीची आहे’ एवढेच सांगण्यासाठी असलेला संदेश हल्लेखोराच्या आज्ञेचे वाहन ठरला.

आवृत्ती २.३.५ ते २.३.३१ आणि २.५ ते २.५.१० या सर्वांत हा दोष होता. तो २.३.३२ आणि २.५.१०.१ या आवृत्त्यांत दूर करण्यात आला.

इक्विफॅक्स प्रकरण

इक्विफॅक्स ही अटलांटा येथे मुख्यालय असलेली संस्था कर्जदारांच्या पतविषयक नोंदी ठेवते. ही माहिती बँका व अन्य धनको तिला पुरवितात. त्यामुळे ज्यांची माहिती चोरीस गेली, त्यांपैकी अनेकांचा या संस्थेशी थेट व्यवहार झालेला नव्हता.

अमेरिकी शासनाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ८ मार्च २०१७ रोजी या दोषाबाबत इशारा दिला. संस्थेने तो आपल्या कर्मचाऱ्यांना कळविला. परंतु प्राप्तकर्त्यांची यादी अद्ययावत नसल्याने दुरुस्ती करणे ज्यांचे काम होते, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही. त्यानंतर केलेल्या तपासणीतही ग्राहकांच्या तक्रारींसाठीच्या संकेतस्थळावरील दोष आढळला नाही. हल्लेखोरांना मात्र तो १० मार्च रोजीच सापडला होता.

१३ मेपासून माहितीची चोरी सुरू झाली. एका ठिकाणी सांकेतिक रूपात न ठेवलेले पासवर्ड हाती लागल्याने हल्लेखोर इतर अनेक विदागारांत शिरले आणि त्यांनी तेथे सुमारे ९,००० पृच्छा चालविल्या. जाळ्यातील वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाचे डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच कालबाह्य झालेले असल्याने हा प्रकार कोणाच्या लक्षात आला नाही. प्रमाणपत्राचे नूतनीकरण होताच, २९ जुलै रोजी, संशयास्पद वाहतूक दिसून आली. ७ सप्टेंबर रोजी ही घटना जाहीर करण्यात आली.

परिणाम

चोरीस गेलेल्या माहितीत नावे, जन्मतारखा, पत्ते आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक यांचा समावेश होता. सुमारे २ लाख ९ हजार व्यक्तींचे क्रेडिट कार्ड क्रमांकही त्यात होते. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक बदलून मिळणे अत्यंत कठीण असते. त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढण्यासारख्या फसवणुकीचा धोका अनेक वर्षे टिकून राहतो.

संस्थेचे मुख्य कार्यकारी अधिकारी रिचर्ड स्मिथ २६ सप्टेंबर २०१७ रोजी पायउतार झाले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१८ मध्ये ५ लाख पौंडांचा दंड केला. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतील नियामक संस्था व राज्ये यांच्याशी किमान ५७.५ कोटी आणि कमाल ७० कोटी डॉलरची तडजोड झाली. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यान्वये आपली पतनोंद गोठविण्याची सोय नागरिकांना विनाशुल्क मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी न्याय विभागाने चिनी सैन्यदलातील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला. चीनने तो नाकारला.

मुक्त स्रोत आणि जबाबदारी

घटना जाहीर झाल्यावर आरंभी काहींनी चोरीचा संबंध स्ट्रट्सच्या रेस्ट एपीआय-जोडणीतील, सप्टेंबर २०१७ मध्येच जाहीर झालेल्या दुसऱ्या दोषाशी जोडला. चोरीसाठी मार्चमधील दोषच वापरला गेल्याचे इक्विफॅक्सने नंतर स्पष्ट केले. या दोषाची दुरुस्ती चोरी सुरू होण्यापूर्वी दोन महिने उपलब्ध होती.

मुक्त स्रोत प्रकल्पात दुरुस्ती सर्वांना खुली होते, तेव्हा दोष कोठे होता हेही सर्वांना कळते. त्यामुळे दुरुस्ती जाहीर होणे आणि ती प्रत्यक्ष बसविली जाणे यांमधील काळ सर्वाधिक धोक्याचा असतो. सदर दोषाचा गैरवापरही जाहीर घोषणेनंतर लगेचच सुरू झाला होता.

प्रतिबंधक उपाय

अशा दोषांपासून संरक्षणासाठी सामान्यतः पुढील उपाय सुचविले जातात :

• बाहेरून आलेल्या मजकुराचे सूत्र वा आज्ञा म्हणून कधीही मूल्यमापन न करणे. विदागारासाठी पृच्छा आणि तिच्यातील मूल्ये वेगवेगळी पाठविणे.
• मान्य स्वरूपांची यादी ठरवून तीत न बसणारा मजकूर नाकारणे.
• सर्व्हरवरील आज्ञावलीस कामापुरतेच अधिकार देणे.
• वापरातील सर्व मुक्त स्रोत घटकांची आवृत्तीनिहाय सूची ठेवणे आणि सुरक्षा-दुरुस्त्या विनाविलंब बसविणे.

घटकसूचीचे महत्त्व डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या मुक्त स्रोत घटकातील दोषाने पुन्हा अधोरेखित केले. तेथेही केवळ नोंदवून ठेवावयाचा मजकूर आज्ञेप्रमाणे वाचला जात होता आणि तो घटक आपल्या प्रणालीत नेमका कोठे आहे, हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २०२४ मध्ये अशा घटकसूचीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.