हेड पॅकिंग आणि नदीचा पूर

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस ट्रकच्या इंजिनावर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही. माझ्या आयुष्यातली तर्काची एक मोठी चूक मी ट्रकच्याच बाबतीत केली. तिचा इतिहास आज सांगायचाय.

सुरुवात शिवडीपासून करू. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत जोडणीचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, इथे त्यांची गाडी व्हायची. पुढे फोर्डही मुंबईत आली. वालचंद हिराचंद आणि विश्वेश्वरय्या मात्र म्हणत होते की गाडी इथेच घडली पाहिजे. सरकारी पाठबळ मिळेना. शेवटी 1944 साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कुर्ल्याला, क्रायस्लरच्या सहकार्याने. स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. 1953 साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. त्याचा रोख असा, की प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम असेल त्यांनीच धंदा करावा. नुसती जोडणी पुरे. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. 1954 साली जमशेदपूरला टाटांनी डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक काढायला सुरुवात केली. तोच आपल्या लहानपणचा नाकावर चांदणी असलेला टाटा-मर्सिडीज. तो करार 1969 पर्यंत चालला.

इतिहासाच्या पुस्तकात प्रकरण इथे संपतं. पण कंपनी गेली तरी तिच्या गाड्या रस्त्यावरच होत्या ना! त्या चालत्या कोणी ठेवल्या? शिवडी, रे रोड, लालबाग, ऑपेरा हाउसच्या मागच्या गल्ल्यांतल्या मिस्त्र्यांनी. त्यांच्या हातात माहितीपुस्तक नव्हतं, असलं तर इंग्रजीत होतं. जुना भाग टाकायचा नाही, तो पुन्हा उभा करायचा, ही त्यांची रीत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे लिहिलेलं फार थोडं आहे.

आता माझी गोष्ट. मी लालबागच्या चाळीतला. थोरले बंधू मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वर्षभर वाट पाहून दादाने दोन सोबत्यांबरोबर एक जुना ट्रक घेतला. वहिनींच्या पाटल्या त्यासाठी गहाण पडल्या. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, वय वीसच्या आसपास.

दोन महिन्यांत ट्रक पाणी पिऊ लागला. रेडिएटर सकाळी भरावा, दुपारी रिकामा. खाली थेंब नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर. रे रोडच्या मिस्त्रींकडे नेला. साठीचे गृहस्थ, अमेरिकन लॉऱ्यांवर हात बसलेला. दादा म्हणाला, ''हेड पॅकिंग गेलं असणार.'' मिस्त्री म्हणाले, ''असणार कशाला? बघू की.''

हेड पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट. इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर, मध्ये ही पातळ चकती. तेव्हा तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असे. (तो खरवडताना धूळ नाकातोंडात जायची, त्याची किंमत कोणी मोजली नाही.) तिचं काम तिहेरी: सिलिंडरमधला स्फोटाचा दाब आत ठेवायचा, आणि पाणी व तेल आपापल्या वाटेने जाऊ द्यायचं. डिझेल इंजिनात हवा पंधरा-वीसपट दाबली जाते. तो दाब फट शोधतच असतो.

मिस्त्रींनी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं, काठोकाठ पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. पाण्यात बुडबुडे. मग दांडी काढून तेल बघितलं, ताकासारखं झालंय का म्हणून. ''पांढरा धूर थंडीच्या सकाळी कुठल्याही गाडीतून येतो, मास्तर. बुडबुडा खोटं बोलत नाही.''

इथे मला वात्स्यायन आठवायला हवा होता. न्यायसूत्रात अनुमानाचे तीन प्रकार आहेत. त्यातलं 'शेषवत्' म्हणजे कार्यावरून कारण ओळखणं. भाष्यात उदाहरण नदीचं: नदीला पूर दिसला, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झालाय. पूर्वपक्ष विचारतो, पाणी कोणी बांध घालून अडवल्यामुळेही चढेल, मग? उत्तर असं: नुसतं पाणी चढलंय एवढंच बघू नका. वेग बघा, फेस बघा, वाहत आलेली पानं-फळं-लाकडं बघा. पावसाच्या पुराची ही खूण वेगळी. मिस्त्रींचा बुडबुडा म्हणजे तो फेस! मी हे वर्गात दहा वर्षं शिकवत होतो, आणि रे रोडला नुसता उभा होतो.

हेड उतरवलं. नट सोडायचे ते टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे, म्हणजे हेड वाकत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट जळून काळी वाट पडलेली. मिस्त्रींनी हेडवर सरळ पट्टी उभी धरली, खाली फीलरचं पातळ पान सरकवलं. मध्यभागी ते सहज गेलं. ''हेड वाकलंय. मशीनवर फेस मारून आणा. आणि रेडिएटर खोला, क्षार बसलेत. पॅकिंग आपणहून मरत नाही मास्तर, त्याला कोणीतरी मारतं.''

फेस मारायचे पैसे वेगळे, दोन दिवस वेगळे, रेडिएटरचे वेगळे. दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ''गळती गॅस्केटमधून आहे. नवी गॅस्केट टाकली की गळती थांबणार. बाकीचं नंतर बघू.'' वाक्य कसं नीटनेटकं आहे बघा! दादाने मिस्त्रींचं नाही, माझं ऐकलं. कारण मी डॉक्टर होतो. मिस्त्री काही बोलले नाहीत. जेवढं सांगितलं तेवढं त्यांनी चोख केलं. स्टडचे आटे साफ, पृष्ठभाग कोरडे, मग नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. इंजिन गरम करून पुन्हा एकदा कसले.

पंधरा दिवसांनी दारूखान्यातून लोखंड भरून ट्रक नाशिकला निघाला. कसारा घाटात काटा लाल झाला, पॅकिंग पुन्हा गेलं. या वेळी पाणी सिलिंडरात साचलं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारताच एक कनेक्टिंग रॉड वाकला. ट्रक ओढून आणला. खर्च पहिल्याच्या कितीतरी पट. पाटल्या सुटल्या नाहीत. दादाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला आजवर टोचतं.

चूक कुठे झाली? गळती जिथून होते ती जागा आणि गळतीचं कारण, मी एकच मानलं. साखळी अशी होती: क्षारांनी रेडिएटर तुंबला, इंजिन तापलं, हेड वाकलं, दाब असमान झाला, गॅस्केट जळली. मी शेवटची कडी बदलली.

गिल्बर्ट राइलने 1945 च्या व्याख्यानात 'असं आहे हे कळणं' आणि 'कसं करायचं हे कळणं' यांत फरक केला. मी तो विद्यार्थ्यांना सांगायचो आणि वर, मिस्त्रींकडे दुसरं ज्ञान, आपल्याकडे पहिलं, अशी वाटणीही करायचो. ती वाटणी खोटी होती. मिस्त्रींकडे दोन्ही होती. त्यांनी लक्षण पाहिलं, पर्यायी कारण बाजूला केलं, पट्टी ठेवून मोजलं, मूळ शोधलं. माझ्याकडे त्या दिवशी फक्त पदवी होती.

दुसऱ्या खेपेला आम्ही त्यांचं सगळं ऐकलं. हेडला फेस मारला, रेडिएटर खोलला, रॉड बदलला. पुढे काही वर्षं त्या ट्रकने घर चालवलं. आज मिलच्या जागी टॉवर आहेत, रे रोडचे ते मिस्त्री नाहीत, दादाही नाही. इतिहास लिहिणाऱ्या तरुणांना माझी एवढीच विनंती: वालचंदांवर जरूर लिहा, पण ज्यांनी ती वाहनं चालती ठेवली, त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांच्याकडे वही घेऊन जा. आणि ते बोलत असताना, कृपा करून, मध्ये बोलू नका.