एका घराण्याची इंजिनं

आमच्या पिंपळगाव राजात ट्रॅक्टरला ट्रॅक्टर म्हणणारे थोडे होते. सगळे ‘इंटरनॅशनल’ म्हणायचे. माझी दहावी झाली त्या सुमारास बाबांनी कर्ज काढून एक जुना बी-275 घेतला. लाल रंगाचा, 35 हॉर्सपॉवरचा. हिवाळ्यात पहाटे तो लवकर सुरू व्हायचा नाही. हीटर प्लग लाल होईपर्यंत हात चोळत उभं राहावं लागे. कपाशीच्या गाड्या ओढून बैल थकायचे, हा थकत नव्हता, म्हणून आईने त्याला बैलांबरोबर पोळ्याला ओवाळलं होतं.

हा ट्रॅक्टर मूळचा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा. 1963 साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून आपल्याकडे कंपनी काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत तो बनायला लागला. 1977 ला ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. हे मला बरंच नंतर कळलं, आणि कळलं ते खामगावच्या एका मिस्त्रीकडून. त्यांना सगळे चाचा म्हणत. शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण कोणतं इंजिन कोणाचं पोर आहे ते भाटासारखं सांगायचे.

खामगावात असे मिस्त्री भेटायचेच. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, त्यांच्या पाठीमागे खराद मशीनवाले आले, लोहार-फिटर आले. माझ्या मते मोटारींचे मिस्त्री त्याच मुळातून फुटले.

2006 ला मी महिंद्राची डीआय इंजिनाची जुनी पिकअप घेतली, 2001 चं मॉडेल. घरचा माल बाजारात न्यायचा आणि उरल्या दिवसात भाडं मारायचं, हा हिशोब. चाचांनी बॉनेट उघडलं आणि हसले.

“भाऊ, हे तं तुमच्याच घरचं हाय.”

“कसं काय?”

“तुमच्या बाबाचा इंटरनॅशनल हाय ना, त्याचा नातू समजा.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बी-275 चं इंजिन थोडं बदलून महिंद्राने जीपमध्ये बसवलं, ती पहिली डिझेल जीप. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी 4.90 आलं, चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणून 4.90. त्यानंतरचं डीआय पुन्हा ट्रॅक्टरच्या वळणावर गेलं. बी-275 चा स्ट्रोक चार इंच, डीआयचाही चारच इंच. बोअर तेवढा सव्वातीनच्या थोडा वर होता, तो साडेतीन झाला. 2523 सीसीचा हिशोब तिथूनच येतो. मी घरी येऊन वहीत गुणाकार करून पाहिला, बरोबर आला.

गाडी चांगली होती, पण घाटात रडायची. बुलडाण्याकडचं सोयाबीन खामगावच्या बाजारात आणायचं, तर जाताना रिकामी गाडीसुद्धा बोथा घाट दुसऱ्या गिअरात चढे. त्याच डीआयचं टर्बोवालं मॉडेल तोवर रस्त्यावर आलं होतं. ते मागून यायचं आणि हॉर्न देऊन पुढं निघून जायचं. माणसाला गरिबी सहन होते, पण भाऊबंदाची गाडी पुढं गेलेली सहन होत नाही.

2010 ला एका उलटलेल्या टर्बो पिकअपचं इंजिन भंगारात निघालं. चाचा म्हणाले, जमते. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा, तो इंजिनात हवा दाबतो. लोहार भाता मारतो तसंच हे. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं. पण उष्णताही जास्त. म्हणून चाचांनी नुसता टर्बो बसवायला नकार दिला. त्या इंजिनाचे पिस्टन, मॅनिफोल्ड, ऑइलची लाइन, मोठं रेडिएटर, पंपाचं सेटिंग हे सगळं घ्यायचं. आणि शेवटी म्हणाले, “ब्रेकबी त्याच गाडीचे घ्या.”

मी बाकी सगळं घेतलं. ब्रेकचे अकरा हजार वाचवले. त्या वर्षी मुलीचं लग्न ठरत होतं, हे एक कारण. दुसरं कारण असं, की ब्रेक लागत होते ना! जे लागतं ते कशाला बदलायचं? आरटीओत विचारायचं तर डोक्यातही आलं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे फेरफार करण्याबद्दलच आहे, ते मी नंतर वाचलं.

गाडी पळायला लागली. बोथा घाट तिसऱ्या गिअरात! पोरगा खुश, मीही खुश. गावातले दोघं-तिघं चाचांचा पत्ता विचारून गेले.

दिवाळीआधी सोयाबीन भरून आम्ही बुलडाण्याहून निघालो. अठरा क्विंटल माल होता, म्हणजे झेपण्यापेक्षा जास्त. पोरगा चालवत होता. ड्रायव्हर लोकांचा एक जुना नियम आहे: ज्या गिअरात घाट चढला, त्याच गिअरात उतरायचा. तो मीच त्याला शिकवला होता. त्याने तो पाळला. येताना तिसऱ्यात चढला होता, म्हणून तिसऱ्यात उतरायला लागला. जुन्या इंजिनाने दुसरा गिअर घ्यायला लावला असता आणि इंजिननेच गाडी धरून ठेवली असती. आता ते सगळं ओझं ब्रेकवर पडलं. तिसऱ्या वळणाला जळका वास आला. पोरगा म्हणाला, “बाबा, पायडल मऊ लागून राह्यलं.”

मी ओरडलो, “दुसरा टाक!” पडला नाही. त्याने गाडी दरीकडून काढून डोंगराकडच्या नालीत घातली. पोती पुढे आली, काच फुटली. त्याचं उजवं मनगट मोडलं, मला कपाळाला सहा टाके. रस्त्यावर सोयाबीन सांडलं होतं आणि वानरं जंगलातून उतरून ते खात होती. पोरगा मनगट धरून बसला होता आणि मला म्हणत होता, “माझं चुकलं.” मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. ब्रेकचं त्याला माहीतच नव्हतं. ते मी त्याला आठ दिवसांनी सांगितलं, प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून हाताला पिशवी बांधून देताना. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चाचांकडे गाडी ओढून नेली तेव्हा वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी ड्रम उघडला. लायनर जळून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. त्यावरून बोट फिरवलं, मला दाखवलं आणि आत जाऊन एक गोणपाट घेऊन आले. त्यात त्या उलटलेल्या गाडीचे ब्रेक होते, बूस्टरसकट. मी नाही म्हटल्यावरही त्यांनी ते विकले नव्हते.

“मले मालूम होतं तुमी येसान,” म्हणाले. “पण असे येसान हे नव्हतं वाटलं.”

गाडी 2017 ला भंगारात दिली. तोवर पोरगा बोथा घाट दुसऱ्या गिअरातच उतरायचा, रिकामी असली तरी.