कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत

एका संगणकावर अनेकांनी काम करायचे, पण एकाच्या कामाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, या गरजेतून संगणकावरील परवलीचा शब्द आला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. ती एकाच यंत्राचा वेळ अनेकांना वाटून देई. प्रत्येकाच्या फाईली अलग राहाव्यात म्हणून तिच्यात परवलीचे शब्द आले. पण ते सारे एकाच फाईलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेले होते! वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने १९६२ मध्ये ती फाईल छापून घेतली. १९६६ मध्ये दोन फाईलींची अदलाबदल झाली आणि रोजच्या सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द सर्वांपुढे उमटले.

यावर युनिक्स प्रणालीत उपाय निघाला. शब्द ठेवायचाच नाही. त्यावर उलट फिरवता न येणारी गणिती क्रिया करून फक्त उत्तर ठेवायचे. कोणी शब्द टंकला की तीच क्रिया पुन्हा करून उत्तरे ताडून पाहायची.

पुढे खेळ आले. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये 'मड' हा खेळ सुरू केला. त्यात चित्रे नव्हती. वाक्ये वाचायची आणि आज्ञा टंकायच्या. १९८९ च्या 'टायनीमड'मध्ये पात्राचे नाव व परवलीचा शब्द टंकून आत शिरावे लागे. दर वेळी टंकण्याचा त्रास नको म्हणून 'टायनीफ्यूग'सारख्या जोडणी-प्रोग्रामांत हा तपशील फाईलमध्ये लिहून ठेवण्याची सोय झाली. म्हणजे १९६२ ची फाईल पुन्हा अवतरली! ती ज्याला वाचता येईल, तो आपले पात्र घेऊन आपल्या नावाने बोलू शकतो.

येथे युनिक्सची युक्ती का चालत नाही? पलीकडच्या यंत्राला शब्द फक्त ताडून पाहायचा असतो. अलीकडच्या प्रोग्रामला तो जसाच्या तसा पाठवायचा असतो. गणिती उत्तरावरून मूळ शब्द परत मिळत नाही. मग प्रत्येक जोडणीला वेगळे कुलूप लावायचे तर काय करावे? पडद्यावर नुसता 'शब्द सांगा' असा प्रश्न विचारून भागत नाही. फाईल उघडीच असेल तर दाराला कडी आणि भिंतीला भगदाड अशी गत होते. फाईलमधील मजकूरच सांकेतिक रूपात ठेवावा लागतो आणि तो उलगडणारी किल्ली खेळाडूने टंकलेल्या शब्दातून त्या वेळीच तयार करावी लागते. ती किल्ली फाईलमध्ये कोठेच नसते.

अर्थात शब्दही तसाच हवा. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी ३,२८९ परवलीचे शब्द तपासले, तेव्हा त्यांतील २,८३१ सहज हुडकता येण्याजोगे निघाले. वर्गात एकदा विचारून पाहावे : कुलूप मजबूत असूनही पेटी कशी उघडते? आपल्या साठ वर्षांच्या अनुभवाचे सार मुलांच्या उत्तरांतच सापडेल.