आवाज येतो, पण शब्द कळत नाही

एका कानाने आवाज येतो, पण फोनवरचं बोलणं कळत नाही, असं होतंय? हसण्यावारी नेऊ नका.

कानाच्या नसेची गाठ १७७७ मध्ये सँडिफोर्ट यांनी शवविच्छेदनात पाहिली. १९१७ मध्ये कुशिंग यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला. तेव्हा ती मोठी झाल्यावरच कळायची. पुढे लक्षात आलं, की काहींची ऑडिओमेट्री जवळपास नॉर्मल येते. बीप ऐकायला नसेचे थोडे तंतूही पुरतात. शब्द कळायला बऱ्याच तंतूंची एकत्र साथ लागते. १९७० च्या दशकात बेरा तपासणी आली, नसेतला उशीर मोजता येऊ लागला. आता एमआरआयमध्ये लहान गाठही दिसते.

म्हणून रिपोर्ट चांगला असला, तरी एकाच कानाची तक्रार टिकली तर नालवाडीहून सेवाग्राम किंवा सावंगी गाठा. ही गाठ कर्करोगाची नसते, पण लवकर कळलेली बरी.