सून आली, जावई अडला



आपल्याकडे लग्न म्हटलं की एक गोष्ट गृहीत असते. लेक माहेर सोडते, सासरी जाते. जावई सासुरवाडीला येऊन राहिला की त्याला घरजावई म्हणतात, आणि ते म्हणताना लोक थोडं हसतात. हे हसू फक्त आपल्या ओट्यावर होतं असं नाही. ते देशाच्या कायद्यातही बसलेलं होतं. माणूस परदेशातला असेल, लग्न करून त्याला आपल्या देशात आणायचं असेल, तर सुनेला एक वाट होती आणि जावयाला दुसरी. ही वाट कशी बदलली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात आपल्या सेवाग्रामपासूनच करू. नई तालीम म्हटलं की दोन नावं जोडीनं येतात, आशादेवी आणि आर्यनायकम्. आशादेवी बंगाली घरातल्या, जन्म लाहोरचा. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे श्रीलंकेचे, म्हणजे तेव्हाच्या सिलोनचे, तमिळ ख्रिस्ती घरातले. दोघंही शांतिनिकेतनात रवींद्रनाथ ठाकुरांसोबत काम करत होते. १९३० मध्ये रवींद्रनाथ रशियाला गेले, तेव्हा आर्यनायकम् त्यांच्या बरोबर होते. पुढे हे जोडपं वर्ध्याला आलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून झाकीर हुसेन समिती नेमली गेली. आर्यनायकम् त्या समितीचे निमंत्रक होते आणि आशादेवी सदस्य. मग हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला आणि या दोघांनी आयुष्य त्याला दिलं. लहान लेकरांचं शिक्षण घरापासून, आईपासून सुरू होतं, हे आशादेवींनी इथंच रुजवलं. १९५४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे आशादेवींचं सासर समुद्रापलीकडे, पण संसार झाला तो सेवाग्रामात. त्या काळी यात कागदाची अडचण आली नाही, कारण भारत आणि सिलोन दोन्ही इंग्रजांच्या ताब्यात होते. दोन्हीकडची माणसं एकाच राजाची प्रजा. ४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन स्वतंत्र झालं आणि काल जो शेजारचा होता तो आज परदेशी ठरू लागला. अशा माणसांसाठी आपल्या राज्यघटनेनं पाचव्या कलमात दार ठेवलं. ज्याचं कायमचं घर भारतात आहे आणि जो २६ जानेवारी १९५० च्या आधी सलग किमान पाच वर्षं इथं राहिला आहे, तो भारताचा नागरिक. जन्म कुठला, हे त्यात आडवं येत नव्हतं.

आता एका सुनेची गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेली ईव्ह नावाची मुलगी. वडील हंगेरीचे, आई रशियन. तिची ओळख झाली विक्रम खानोलकर या मराठी तरुण लष्करी अधिकाऱ्याशी. घरचा विरोध होता, पण १९३२ साली लखनौला दोघांचं लग्न झालं आणि ईव्हची सावित्रीबाई झाली. मराठी, संस्कृत, हिंदी त्या शिकल्या. महाराष्ट्राच्या संतांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. स्वातंत्र्यानंतर सैन्याला शौर्याचं सर्वोच्च पदक हवं होतं. परमवीर चक्राची ती रचना सावित्रीबाईंनी केली. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ही कथा त्यांच्या मनात होती. म्हणून त्या पदकावर इंद्राचं वज्र आहे. परदेशातून आलेल्या सुनेनं देशाच्या शौर्याच्या सर्वात मोठ्या सन्मानाला रूप दिलं.

सुनेला इतकं सहज सामावून घेतलं जाई, यामागे माया होती तसा कायदाही होता. इंग्रजांच्या १९१४ च्या कायद्यात सरळ लिहिलं होतं की ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजा, आणि परक्याची बायको ती परकी. म्हणजे बाईचा देश तिचा स्वतःचा नव्हताच. नवऱ्याचा देश तो तिचा देश. अमेरिकेतही तसंच. १९०७ च्या कायद्यानं परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई आपलं नागरिकत्व गमावायची. १९२२ मध्ये त्यात सुधारणा झाली, पण सगळ्यांसाठी नाही. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणसाला अमेरिकन नागरिक होता येणार नाही. त्यामुळे भारतीयाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व तेव्हाही जात होतं. १९३१ मध्ये तो नियम उठला.

आपण स्वतंत्र झालो आणि १९५५ मध्ये आपला नागरिकत्व कायदा आला. एक चांगली गोष्ट त्यात होती. परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून भारतीय बाईचं नागरिकत्व आपोआप जात नव्हतं. पण जुनं हसू एका कलमात राहून गेलं. लग्नाच्या नात्यानं कोणाला नागरिक म्हणून नोंदवायचं, तिथं शब्द होता ‘स्त्रिया’. भारतीयाशी लग्न झालेल्या स्त्रिया. म्हणजे भारतीय मुलाची परदेशी बायको अर्ज करू शकत होती. भारतीय मुलीचा परदेशी नवरा त्या कलमात कुठेच नव्हता. त्याला इतर कोणत्याही परक्या माणसासारखी लांबची वाट धरावी लागे. सून आली, जावई दारात अडला.

आणि लेकरांचं काय? परदेशात जन्मलेलं मूल भारतीय ठरायचं ते बाप भारतीय असेल तर. आई भारतीय असून उपयोग नव्हता. नऊ महिने पोटात वाढवायचं आईनं, आणि देश द्यायचा बापानं.

हे बदललं, पण हळूहळू. १९८६ च्या दुरुस्तीनं ‘स्त्रिया’ हा शब्द जाऊन ‘व्यक्ती’ आला. एक शब्द बदलायला ३१ वर्षं लागली. १९९२ मध्ये दुसरी दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १० डिसेंबरनंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला बापाकडून तसं आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, भारतानं स्त्रियांच्या समान हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. नागरिकत्वात बाईला पुरुषाइतकाच हक्क, हे त्याचं नववं कलम सांगतं.

मैत्रिणींनो, हे ऐकून कोणी म्हणेल, आपल्या खेड्यात याचं काय काम? पण आपल्या पोरी आता नर्सिंग करून, कॉम्प्युटर शिकून बाहेरदेशी जातात. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी शिकायला येतात. उद्या एखाद्या घरात हा प्रश्न आला, तर गटातल्या बायांना चार गोष्टी ठाऊक असाव्यात.

पहिली, लग्नाची नोंद. परदेशी जोडीदाराशी इथं लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. धर्म बदलावा लागत नाही. नुसता हार घालून काढलेला फोटो व्हिसाच्या कामी येत नाही.

दुसरी, वेळ. नागरिकत्वाच्या अर्जाआधी जोडीदारानं भारतात सात वर्षं राहिलेलं असावं लागतं. अर्जाचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाशी पडतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून त्याला आपल्या मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. ते सोडायचं नसेल तर लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या माणसांना ते मिळत नाही. आणि घटस्फोट झाला तर लग्नामुळे मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं.

तिसरी, व्हिसाची मुदत. ही सगळ्यात महत्त्वाची. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा राहणारा नसावा. मुदत संपूनही जोडीदार तसाच राहिला, तर तो बेकायदा ठरतो आणि आई भारतीय असूनही लेकराचं नागरिकत्व अडतं.

चौथी, परदेशात झालेलं बाळंतपण. तिथं मूल झालं, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करून घ्यावी.

सेवाग्रामनं सिलोनच्या माणसाला आपलं म्हटलं, ते त्याच्या कामाकडे पाहून. कायद्याला बाईचा शब्द मानायला आणखी कितीतरी वर्षं लागली. तो हक्क आता आपल्या लेकींच्या हातात आहे. तेव्हा कोणाच्या पोरीनं दूरदेशीचा नवरा निवडला, तर बाजेवर बसून हसण्याआधी तिला विचारा, ‘बाई, नोंद केली का? त्याच्या व्हिसाची मुदत कधी संपते?’ घरच्या माणसांनी एवढं विचारलं, तरी तिची निम्मी धावपळ वाचेल.