आर्वो पॅर्ट : मौनातून घडलेली संगीतशैली

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट (जन्म १९३५) यांची ओळख बहुधा ‘शांत, आध्यात्मिक’ संगीताचे कर्ते एवढ्यावरच आटोपली जाते. ही शांतता कोणत्या परिस्थितीतून आली, याकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे.

पॅर्ट यांचे शिक्षण तालिन येथे हेइनो एलर यांच्याकडे झाले. त्याच सुमारास ते एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाचे काम करीत होते. १९६० मधील ‘नेक्रोलोग’मध्ये त्यांनी बारास्वरी पद्धती वापरली आणि सोव्हिएत संगीतकार संघाच्या धुरीणांचा रोष ओढवून घेतला. १९६८ मध्ये नीमे यार्वी यांच्या संचालनाखाली ‘क्रेडो’ सादर झाले. या रचनेत बाखच्या एका प्रिल्यूडवर बारास्वरी कोलाहल चालून येतो आणि अखेर बाखच उरतो. अधिकाऱ्यांना खुपला तो कोलाहल नव्हे, तर ख्रिस्तावरील श्रद्धेचा उघड उच्चार. रचनेवर बंदी आली.

पुढील आठ वर्षांत तिसऱ्या सिंफनीखेरीज (१९७१) त्यांनी फारच थोडे लिहिले. हे मौन केवळ बंदीमुळे आले असे मानणे मात्र अपुरे ठरेल. जुनी वाट त्यांच्यापुरती संपली होती. या काळात ते ग्रेगोरियन गायन आणि प्राचीन बहुस्वरी संगीत यांचा अभ्यास करीत होते.

१९७६ च्या ‘फ्यूर अलिना’ या लहानशा पियानो रचनेतून नवी शैली प्रकटली. तिला त्यांनी लहान घंटांवरून ‘टिंटिनाबुली’ असे नाव दिले. तिच्यात दोन स्वररेषा असतात : एक सप्तकात पायरीपायरीने चालते, दुसरी केवळ मूळ त्रिस्वरातील स्वर घेते. दुसऱ्या रेषेस तंबोऱ्याची उपमा देण्याचा मोह आपल्याला होतो. परंतु तंबोरा गायकाच्या चालीनुसार बदलत नाही, ही रेषा मात्र पहिलीच्या प्रत्येक स्वरागणिक नियमाने बदलते. ब्रिटनच्या स्मरणार्थ रचलेल्या ‘कॅन्टस’मध्ये (१९७७) एकच उतरती स्वरमालिका तंतुवाद्यांचे पाच विभाग एकापाठोपाठ, प्रत्येकी आधीच्याच्या निम्म्या गतीने वाजवितात. हिशेब इतका साधा. ऐकताना मात्र शोक थरांथरांनी साचत जातो.

१९८० मध्ये पॅर्ट कुटुंबास देश सोडावा लागला. प्रथम व्हिएन्ना, नंतर बर्लिन असा प्रवास झाला. १९८४ मध्ये मान्फ्रेड आयशर यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘टाबुला रासा’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांना जगभर श्रोते मिळाले. एस्टोनिया १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. तालिनजवळच्या लाउलास्मा येथील पाइनच्या रानात २०१८ साली उघडलेल्या केंद्रात आज त्यांची हस्तलिखिते जतन केलेली आहेत.