बेंजोची कुळकथा

बेंजोची कळपट्टी स्क्रू काढून बाजूला ठेवली, की त्याचं सगळं कूळ एका नजरेत दिसतं. वर टाइपरायटरसारखी गोल बटणं, बटणांखाली पत्र्याच्या दांड्या आणि बारीक स्प्रिंगा, त्याखाली पडद्यांवरून ताणलेल्या तारा, नखी चालते त्या अंगाला तांब्याच्या तारेचं वेटोळं असलेलं पिकअप आणि तिथून जॅककडे गेलेली वायर. हे सगळं एका माणसाने एका जागी बसून जुळवलेलं नाही. आपल्या मेहकर तालुक्यात, जानेफळच्या आसपास, वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत जे वाद्य ढोल-ताशाच्या बरोबरीने घुमतं, ते वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे बदलत बदलत इथवर आणलं आहे. लग्नसराईच्या आधी वादकांच्या पार्टीतले तीन-चार बेंजो दुरुस्तीला काढायचे असतील, तर कुठला भाग कुठून आला आणि कशासाठी आला हे आधी माहीत हवं. दुरुस्तीचा क्रम त्यातूनच ठरतो.

मूळ जपानमधलं. 1912 साली तिथे मेइजी सम्राटाचं निधन झालं आणि तायशो राजवट सुरू झाली. त्याच वर्षी नागोया शहरातल्या मोरिता गोरो नावाच्या वादकाने निगेनकिन या दोन तारांच्या जुन्या वाद्यावर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. टाइपरायटर तेव्हा नवलाची वस्तू राहिला नव्हता. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने तो 1874 मध्ये बाजारात आणला होता. मोरिताने त्यातली फक्त कळ उचलली. टाइपरायटरची कळ कागदावर आपटते, याची कळ तारेवर येऊन तिला पडद्यावर दाबते. तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. नव्या राजवटीवरून वाद्याला तायशोगोतो म्हणू लागले. बटणांवर आकडे लिहिलेले असत आणि गाण्यांची लिपीही आकड्यांचीच होती. बोट कुठे ठेवायचं हे शोधायला वर्षं घालवावी लागत नव्हती. किंमत कमी आणि शिकायला सोपं, त्यामुळे ते घराघरांत गेलं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानने ही वाद्यं निर्यात केली आणि ती समुद्रकाठाने पसरली. बाली बेटावर त्याचं स्थानिक रूप तयार झालं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोम्बासाच्या तारब संगीतात, ते गाण्याच्या साथीला आलं. बलुचिस्तानात ते लांबरुंद होऊन बेंजू झालं, आणि पाकिस्तानात बिलावल बेल्जियम यांच्यासारख्या वादकाने त्यावर स्वतंत्र मैफली गाजवल्या. आपल्या देशात ते बुलबुलतरंग म्हणून रुळलं आणि महाराष्ट्रात बेंजो झालं. अमेरिकेतल्या, चामडं मढवलेल्या बँजोशी त्याचं नातं नावापुरतंच आहे.

महाराष्ट्रात हे वाद्य रुजायला जमीन तयार होती. गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी वाजत होती, काळी-पांढरीचं गणित बोटांत बसलेलं होतं. बेंजोची बटणंही तशीच दोन ओळींत असतात, शुद्ध सुरांची खाली आणि कोमल-तीव्रांची वर. फरक हातांचा. पेटीवर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर असतो. बेंजोवर डावा हात बटणांवर आणि उजव्या हातात नखी. पेटीवाल्याला बेंजो धरताना आधी हीच अडचण येते, आणि ती सरावानेच जाते. मींड मात्र यावर निघत नाही. सूर पायरीपायरीनेच चढतो. म्हणून बेंजोने नखीचा झपाटा, एकाच सुरावरचे द्रुत आघात आणि लयीची चढाओढ हे आपलं बळ मानलं. लग्नातल्या गाण्याला तेच हवं असतं.

एक कमतरता मात्र मुळातच होती, ती आवाजाची. बेंजोची लाकडी पेटी लहान, तार बारीक, त्यात कळेचा पत्रा तारेला धरून ठेवतो, त्यामुळे नाद पटकन विझतो. जपानी घरातल्या चटईवर तेवढा आवाज पुरे होता. ताशाच्या शेजारी तो ऐकूही येत नाही. इथे दुसरं कूळ येऊन मिळतं, इलेक्ट्रिक गिटारचं.

लोहचुंबकाजवळ हालचाल झाली की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकल फॅराडेने 1831 मध्ये दाखवलं. त्यानंतर बरोबर 100 वर्षांनी, 1931 मध्ये, लॉस एंजेलिसला जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी त्याच तत्त्वावर मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार बनवली. ॲल्युमिनियमची, गोल अंगाची आणि लांब दांडीची; तिला लोक ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. तिचं पेटंट 1937 मध्ये मिळालं. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरते, क्षेत्र हलतं, वेटोळ्यात क्षीण वीज उमटते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. इथे लाकडाच्या पोकळ पेटीने घुमण्याची गरज उरत नाही. गिटारवाल्यांनी पुढे भरीव लाकूड वापरलं ते म्हणूनच.

मांडीवरची गिटार आणि बेंजो ही आडवी वाजणारी भावंडं. दोन्हींत उजव्या हाताजवळ, तारांच्या खाली, पिकअप बसायला जागा आहे. वाजवणाऱ्यांनी ते बसवलं आणि बेंजो मिरवणुकीचा झाला. हा बदल पिकअप चिकटवण्यापुरता नव्हता. बुलबुलतरंगावर आधार सुराला पितळेची तार लावली, तर चुंबकाला ती कळतच नाही. स्पीकरमध्ये ती जवळजवळ मुकी राहते. म्हणून सगळ्या तारा पोलादी झाल्या. या तारांचा ताण पेलायला खुंट्यांच्या जागी गिटारच्या दातेरी चाव्या आल्या आणि अंगाचं लाकूड जाड झालं. एका बदलाने पुढचे सगळे बदल ओढून आणले. 2016 मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तो मुंबईच्या रस्त्यावर वाजणाऱ्या अशाच पार्टीवर. तोवर हे वाद्य महाराष्ट्राचं म्हणूनच ओळखलं जात होतं.

आता दुरुस्ती. वाद्य ज्या क्रमाने घडलं, त्याच क्रमाने ते तपासावं. आधी नागोयाचा भाग, म्हणजे कळा, पडदे आणि तारा. मग लॉस एंजेलिसचा, म्हणजे पिकअप आणि वायरिंग. नवा बदल सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आवाज फाटतो म्हणून आधी नवं पिकअप आणलं जातं आणि दोष झिजलेल्या पडद्यात असतो. पैसे जातात, खरखर राहते.

कळांचा मोठा शत्रू गुलाल. मिरवणुकीत तो बटणांच्या फटीतून आत उतरतो. बटण अडकलं की हाताशी असलेलं तेल सोडायची सवय असते, ती सोडून द्यावी. तेल आणि गुलाल मिळून लगदा होतो, तो स्प्रिंगेला धरून बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात दगडासारखा होतो. कळपट्टी उतरवावी, मऊ कोरड्या ब्रशने झाडावी, ढिली स्प्रिंग ताणून न बसवता बदलावी. ताणलेली स्प्रिंग चार दिवस चालते आणि ऐन वरातीत मान टाकते.

मग एकेक बटण दाबून एकेक सूर ऐकावा, आणि वही घेऊन ऐकावा. कुठल्या बटणावर खरखर, कुठलं बटण शेजारचाच सूर देतं, हे लिहून काढल्यावर रोग दिसू लागतो. एकाच बटणावर खरखर असेल तर त्याचा पडदा झिजला आहे किंवा कळेच्या पत्र्याला तारेने खाच पाडली आहे. सगळीकडे असेल तर घोडी बसली आहे किंवा लाकूड वाकलं आहे. खाच कानशीने घासून सपाट करता येते, पण जपून. पत्रा जास्त घासला की कळ तारेपर्यंत पोचत नाही.

तारा बदलायच्या तर सगळ्या एकदम, आणि सुराच्या जोडतारा एकाच जाडीच्या. मोकळ्या वाजवताना दोन वेगळ्या जाडीच्या तारा एका सुरात मिळवता येतात. कळेखाली दाबल्यावर मात्र एक जास्त चढते, दुसरी कमी, आणि वरच्या सप्तकात कुठेच मेळ राहत नाही. त्यानंतर घोडीची जागा. मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या बटणाचा सूर हे बरोबर षड्ज आणि तार षड्ज असायला हवेत. बाराव्याचा चढा वाटला तर घोडी किंचित मागे सरकवून तार लांब करावी, उतरा वाटला तर पुढे घ्यावी. एवढं झाल्यावर ॲम्प्लिफायर न लावता बेंजो वाजवून पाहावा. बारीक आवाजात तो सुरेल आणि स्वच्छ वाजला, तरच विजेच्या भागाला हात लावावा.

पिकअप मुकं झालं तर मल्टिमीटर लावावा. चांगल्या वेटोळ्याचा रोध साधारण काही हजार ओहम असतो. काटा हललाच नाही तर तार तुटली आहे. वेटोळं सोडवण्याआधी त्याची दोन्ही टोकं पाहावीत, कारण तार बहुधा जोडाच्या जागी तुटते आणि एका डागाने काम भागतं. नव्याने गुंडाळायचंच असेल तर पंपाच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराकडे जाणं साहजिक आहे. त्याच्याकडे वाइंडिंगचा हात असतो आणि तांब्याच्या तारेची पारखही. पण मोटारीची तार इथे चालत नाही. गिटारच्या पिकअपला केसापेक्षा बारीक, 42 गेजची मुलामा दिलेली तार लागते आणि तिचे सात-आठ हजार वेढे असतात. तार आपण मिळवून द्यावी, हात त्याचा घ्यावा.

भोंगे जवळ आले की बेंजो किंचाळतो, त्याचं कारण बरेचदा वेटोळ्यातले सैल वेढे असतात. ते स्वतःच थरथरतात. उपाय मेणाचा. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवावं, थेट आचेवर कधीच नाही, आणि पिकअप त्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावं. मोटारीला वॉर्निश पाजतात त्यामागेही वेढे हलू न देण्याचाच हेतू असतो. गुणगुण वेगळी. ती 50 हर्ट्झच्या विजेची असते आणि एकेरी वेटोळं ती हवेतून ओढून घेतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावर जोडवेटोळ्याचं पिकअप काढलं. दोन वेटोळी उलट दिशेची, चुंबकही उलटे. तारेचा आवाज दोघांत मिळून वाढतो आणि गुणगुण एकमेकांत विरते. जनरेटर आणि रोषणाईच्या माळा शेजारी असलेल्या पार्टीने करण्याजोगा हा एक बदल आहे.

अर्थिंगबद्दल मात्र मला जोर देऊन सांगायचं आहे. बेंजोच्या तारा जॅकमधून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. टेम्पोवरच्या जनरेटरला अर्थ नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर वीज वाजवणाऱ्याच्या घामेजल्या हातात येते. सगळ्या दुरुस्त्यांच्या यादीत हे काम पहिलं लिहावं आणि त्याचे पैसे पहिले काढून ठेवावेत.

पार्टीत चार बेंजो असतील तर चारही सारखेच बदलू नयेत. मुख्य वाद्य आणि त्याचा जोडीदार एकाच जाडीच्या तारांवर, एकाच पट्टीत ठेवावेत, म्हणजे वरातीत तार तुटली तर गाणं थांबत नाही. नवं पिकअप, जास्त बटणं, इफेक्टचे पेडल हे प्रयोग तिसऱ्यावर करावेत. स्क्रू काढून परत पहिल्यासारखा होईल असा बदल निर्धास्त करावा. लाकूड कापावं लागणार असेल तर एक हंगाम थांबावं. आणि सगळ्यात जुना, बुलबुलतरंगाच्या घडणीचा बेंजो कुणाच्या माळ्यावर असेल, तर त्याला फक्त साफ करावं. त्याचा आवाज आज मिरवणुकीत चालणार नाही, पण आपल्याकडे हे वाद्य कसं आलं याचा तो एकमेव साक्षीदार असू शकतो.

मोरिता गोरोचं नाव जपानने जपलं. बोशँपचं नाव पेटंटच्या कागदावर राहिलं. मधली माणसं, ज्यांनी पितळ काढून पोलाद लावलं, पेटीत पिकअप बसवलं, बटणांची ओळ लांबवली, त्यांचं काम आपण रोज वाजवतो आणि त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. तुळशीच्या लग्नाआधी जानेफळ-मेहकरकडच्या वादकांनी बेंजो उघडले, की कळपट्टीच्या आतल्या बाजूला तारीख, केलेला बदल आणि करणाऱ्याचं नाव पेनाने लिहावं, मग ती दुरुस्ती एका स्प्रिंगेची का असेना. काढलेला जुना भाग फेकू नये. पिशवीत घालून त्याच खोक्यात ठेवावा.